सहा वर्षांची सुगंधा

पुणे, सोमवार

आईस, रुपाचा लांबूनच पाया पडून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. मैत्रिणींनी तुझ्या ज्वारीच्या बिबड्या दोन दिवसांत खाऊन संपवल्या. कापूस वेचून झाला का?

फोनवर विचारवत नाही, म्हणून लिहितेय. चाळीस वर्षांपूर्वी तुझ्या माहेरी तापीत नाव उलटली, तोच विषय मी प्रकल्पाला घेतलाय. ग्रंथपाल मॅडम म्हणतात, एका कागदावर विसंबू नकोस, दुसरीकडे ताडून बघ.

ग्रंथालयातल्या जुन्या अहवालात बुडालेल्यांची यादी मिळाली. त्यात तुझं नाव आहे: सुगंधा, वय सहा, वडील चुनीलाल, म्हणजे माझे आजोबा. चूक असेल म्हणून त्या आठवड्याचं वर्तमानपत्र काढलं. तिथेही तेच.

म्हटलं, तुझी एखादी थोरली बहीण बुडाली असेल आणि तिचंच नाव पुढे तुला ठेवलं असेल. हेमराजमामांना फोन केला. ते म्हणाले, "आमले एकच बहीन व्हती, बेटा." आणि फोन ठेवला.

शुक्रवारी प्रकल्प द्यायचाय. माझ्या यादीतून तुझं नाव खोडायला पेन उचलते आणि परत खाली ठेवते. आखाजीला, इथे अक्षय तृतीया म्हणतात तिला, तू पितरांच्या घागरींशेजारी एक लहान घागर भरतेस ना? ती कुणाची, असं मी लहानपणी विचारलं होतं. तू स्वतःकडे बोट दाखवून हसत म्हणालीस, "मन्ही शे."

तुझीच,
रुपा