आप्पांचं पिस्तूल

९ जुलै १९८९

ती. स्व. दादास,
पद्मजाचा सा. न. वि. वि.

तुझं जूनचं पत्र पोचलं. आप्पा चौऱ्याऐंशीव्या वर्षीही आपल्या हातानं दाढी करतात हे वाचून बरं वाटलं. पण त्याच पत्रात तू सहज लिहून गेलास, की हल्ली ते वहिनीला आत्या समजतात आणि पिस्तूल अजून उशीखालीच असतं. दादा, ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहिताना तुझा हात कसा थांबला नाही?

बावीस वर्षं मी इथे साता समुद्रापार नर्स आहे, तरी गेल्या महिन्यातलं एक प्रकरण डोक्यातून जात नाही. एका म्हाताऱ्याला वाटलं घरात चोर शिरला. त्यानं गोळी घातली ती न्हाणीघरातून परत येणाऱ्या बायकोला. तिचा हात मी धरला होता. तो बाहेर बाकावर बसून, ती कधी येणार, असं विचारत होता.

इथल्या आमच्या राज्यात आता एक कायदा आणायचं चाललंय, की पिस्तूल घडवतानाच त्यात कुलूप बसवायचं, म्हणजे भलत्या हातून ते उडणार नाही. नोव्हेंबरात कमिटीपुढे मला बोलायला बोलावलंय. तिथे चार शहाण्यांना पटवायचं आणि घरचं पिस्तूल तसंच ठेवायचं, हे मला जमणार नाही. कसंही करून ते पोलिसांत जमा कर.

वहिनीला सांग, आईनं दिलेल्या करंड्यातलं कुंकू संपत आलंय. कुणी येणार असेल तर पुडी पाठवावी.

लोभ आहे तेवढा ठेव, राग आलाच तर तोही कळव.
तुझी,
पद्मा


केळशी, ६ ऑगस्ट १९८९

चि. सौ. पद्मजा हिस,
अनेक उ. आशीर्वाद.

राग येण्याइतकं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही, तेव्हा निर्धास्त अस. शाळेतून निवृत्त झालो तो थेट या नोकरीत लागलो, आणि इथे रविवारची सुट्टी नाही.

तू लहान होतीस, तुला नीट आठवत नसेल. सत्तावन्न साली कूळकायद्यात जमिनी जायला लागल्या आणि रामा कुळानं आपल्या डोंगरउतारावरच्या वरकशीवर दावा लावला, तेव्हा आप्पांनी ते पिस्तूल घेतलं. रामाला एकदा ते अंगणात दाखवलं, तेवढंच. उडवलं कधीच नाही. जमीन गेलीच. रामाही गेला. आता त्याचा भागोजी रोज संध्याकाळी येऊन आप्पांना उठवतो, अंग पुसतो, चहा पाजतो. पण आप्पांच्या लेखी सत्तावन्न साल अजून संपलेलं नाही.

आम्ही आता उंबऱ्यावरूनच नाव सांगून आत जातो. मी हरिहर, पाणी आणलंय. मी कुसुम, पेज आणलीय. स्वतःच्या घरात असं बोलायला आधी लाज वाटायची. काढून का घेत नाही म्हणशील, तर मागल्या निवडणुकीत सगळ्यांची हत्यारं ठाण्यात जमा झाली, तेव्हा पिस्तूल परत येईपर्यंत अन्नाला शिवायचं नाही असं आप्पांनी धरलं. अकराव्या दिवशी मी दापोलीला साहेबांच्या पाया पडलो. काडतुसं काढावी तर ती ते चाचपून मोजतात.

आणि तुझा कायदा भलत्या हातासाठी. इथे पिस्तूलही आप्पांचं आणि हातही आप्पांचाच. त्याला तुमची कमिटी काय करणार?

तब्येतीला जप. कुंकवाची पुडी बांधून ठेवली आहे.
तुझा,
दादा


२८ ऑगस्ट १९८९

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

काय करणार ते सांगते. एका प्रकारचं कुलूप आकड्यांचं असतं. ज्याला आकडा आठवत नाही, त्याच्या हातून गोळी सुटत नाही, मग तो मालक का असेना. तू म्हणशील, आप्पांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण वरकशीचा सर्व्हे नंबर हिश्श्यासकट पाठ आहे, आणि ते तोच आकडा लावतील. हसले मी. पण हसून झाल्यावर रडू आलं, ते तुला कळावं म्हणून लिहिते.

इथून सल्ले देणं सोपं आहे हे मला कळतं. पेज मी भरवत नाही. तरी एक मागणं. दसऱ्यापर्यंत काहीतरी कर. त्या खोलीत वहिनी जाते, तू जातोस, भागोजी जातो. यातलं कुणाचं नाव मला तारेत वाचायचं नाहीये.

उणंदुणं पोटात घालावं.
तुझी,
पद्मा


केळशी, २७ ऑक्टोबर १९८९

चि. सौ. पद्मजा हिस,
अनेक उ. आशीर्वाद.

दसऱ्यापर्यंत काही केलं नाही. त्याची शिक्षा मिळता मिळता राहिली.

खंडेनवमीला नेहमीप्रमाणे पाटावर कोयते, विळे, पावशी मांडली आणि मधोमध पिस्तूल. तुला आठवतं ना, पहिल्या वर्षी आप्पांनी ते खोलून एकेक भाग वर्तमानपत्रावर ठेवला, मग पुढे दरवर्षी आईच ते खोलून, तेलाच्या फडक्यानं पुसून, पुन्हा जोडून पूजेला द्यायची? आता खोलायला कुणी नाही. कुसुमनं वरूनच फडकं फिरवून हळदकुंकू वाहिलं. पूजा झाल्यावर आप्पांनी काडतुसं स्वतः भरली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला भागोजी चहा घेऊन गेला. नाव सांगूनच गेला. पण त्याचा आवाज हुबेहूब बापासारखा. आप्पांना दोन दिवस ताप होता. रामा घरात शिरला असं ओरडून त्यांनी घोडा ओढला आणि तीन हातांवरून त्याच्या छातीवर रोखून चाप दाबला. मी दारात होतो. खट् असा आवाज झाला. एवढंच.

भागोजी तिथेच उभा. मग म्हणाला की चहा निवतोय. कप खाली ठेवला, बाहेर आला, पायरीवर बसला. थोड्या वेळानं उठून घरी गेला, तो आजतागायत आलेला नाही. त्याच्या दारात जायला माझे पाय उचलत नाहीत.

निवडणूक जाहीर झालीच होती, तेव्हा त्या नावाखाली पिस्तूल दापोलीला जमा केलं. कुसुमनं महालक्ष्मीला नारळ दिला, मीही मुकाट्यानं हात जोडले. पण पुढचं ऐक. ठाण्यात एक जुना हवालदार आहे, हत्यारांतला जाणकार. त्यानं ते माझ्यासमोर खोललं. म्हणाला की गोळीच्या बुडावर जी पोलादी पिन आपटते ती यात नाहीच, आणि आतला मळ बघता कित्येक वर्षांत नसावी. करंगळीपेक्षा बारीक, एका टोकाला गोल निमुळती असते म्हणाला.

पद्मा, इतकी वर्षं आपण ज्याला भ्यालो ते नुसतं लोखंड होतं. ती पिन कुणी काढली असेल ते सुचत नाही. मी फार थकलोय.

लिहीत जा. तुझ्या पत्रानं दिवस जरा पुढे सरकतो.
तुझा,
दादा


१६ नोव्हेंबर १९८९

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र उभ्यानं वाचलं, मग खाली बसले. नंतर कपाट उघडून आईचा करंडा काढला.

मी इकडे यायला निघाले तेव्हा आईनं स्वतःचा करंडा मला दिला. आत कुंकू लावायला एक काडी होती, पोलादी, एका टोकाला गोल निमुळती. ती म्हणाली होती की हरवली तर हरवू दे, पण परत या घरात आणू नकोस. मला वाटलं, माहेरचं सौभाग्याचं लेणं माहेरी परत नेऊ नये असं काही शास्त्र असेल. म्हणून शेवटचं तिला भेटायला आले तेव्हाही करंडा मुद्दाम इथेच ठेवला. बावीस वर्षं मी सणावारी त्या काडीनं कुंकू लावते आहे.

काल ती आमच्या वॉर्डाच्या दाराशी बसणाऱ्या पोलिसाला दाखवली. त्यानं बघताक्षणी सांगितलं ती काय आहे. वर विचारलं, लाल कशानं झालीय?

आता कळतं, खोलून, पुसून, जोडून द्यायचं काम तिनं आपल्याकडे का घेतलं होतं. आप्पांना नाही म्हणायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. तिचीही नव्हती.

कमिटीपुढे बोलून झालं. कायदा होईल असं वाटत नाही. शिकलेली माणसं दोन तास वाद घालत होती की पिस्तुलातच अशी सोय करणं शक्य आहे का. तुझं पत्र तेव्हा यायचं होतं. आलं असतं तर काडी टेबलावर ठेवून मी घरी आले असते.

भागोजीकडे जा. माझ्यासाठी जा.
आहे तशीच,
पद्मा


केळशी, १० डिसेंबर १९८९

चि. सौ. पद्मजा हिस,
अनेक उ. आशीर्वाद.

गेलो. तुझं पत्रच वाचून दाखवलं. भागोजी कोयत्याला धार लावत होता. शेवटपर्यंत ऐकून म्हणाला की त्याला हे ठाऊक होतं.

सत्तावन्न सालीच आईनं रामाला विहिरीवर गाठून सांगितलं होतं, की पिस्तूल आता उडायचं नाही, पण तू भीत जा, नाहीतर ते दुसरं आणतील. रामा मरेपर्यंत भीत आला. मरताना त्यानं भागोजीला सांगितलं, मग भागोजी भीत आला. बत्तीस वर्षं आपल्या घराची अब्रू त्या दोघांनी सांभाळली आणि आपण समजत होतो पिस्तुलानं सांभाळली.

मग इतके दिवस आला का नाहीस, असं मी विचारलं. तो म्हणाला की ज्यांनी सांगितलं त्या वैनी, म्हणजे आपली आई, जाऊन दहा वर्षं झाली. मधे कुणी ती पिन परत घातली असली तर, असं त्या एका क्षणी वाटलं, आणि घरी आल्यावरही ते वाटणं जाईना. मी त्याच्या पाया पडायला वाकलो. त्यानं पडू दिलं नाही.

निवडणूक संपली, पण आप्पांना ती चालू आहे असंच सांगतो. रोज विचारतात, मतमोजणी कुठवर आली. या खेपेला जेवतात मात्र.

काल भागोजी आला. उंबऱ्यावरून नाव सांगितलं. आप्पांनी डोळे वटारून उशीखाली हात घातला. उशीखाली काहीच नव्हतं. भागोजीनं कप हातात धरला होता, तो धरूनच तो दोन पावलं मागे सरला आणि आप्पांचा हात बाहेर येईपर्यंत तसाच उभा राहिला.

काडी जपून ठेव. कुंकू पाठवतो आहे.
तुझा,
दादा