नदीकाठच्या हॉटेलातला पाहण्याचा कार्यक्रम

१७ जानेवारी १९६३, अकोला

शाळेची तपासणी एकदाची संपली. घसा बसलाय. घरी आले तर वसंतमामा येऊन बसलेले, म्हणजे पुन्हा स्थळ. मुलगा अमरावतीला कचेरीत कारकून. रविवारी पाहायला येणार. मी म्हटलं, बसवणार कुठे? मागच्या पाहुण्यांना गल्लीत, शेजाऱ्यांच्या बाजेवर बसवलं होतं.

मामा म्हणाले, "घरी नाई. नदीवरचा तो साहेबाचा बंगला दुरुस्त करून हॉटेल केलं ना, तिथं. पोराचंच म्हणनं हाय."

धाकटी बहीण सुमन खूश. तिचं स्थळ ठरल्यासारखंच आहे, माझं होईपर्यंत अडलंय एवढंच. ती तक्रार करत नाही. केली असती तर बरं झालं असतं.

१९ जा.

बाबांनी आजच कोट घालून पाहिला. "सारी जिंदगी कापसाच्या जिनात गेली, पण हा बंगला आमी पलीकडूनच पाहिला." मला मात्र जायचा कंटाळा आलाय. आठवडाभर वर्गात उभं राहायचं आणि सुट्टीच्या दिवशी साडी नेसून प्रदर्शन मांडायचं.

२० जा., रविवार

जाऊन आले. बंगला चांगला केलाय. सागवानी जिना घासून काढलाय, ओढायच्या पंख्याच्या दोरीच्या कड्या छताला तशाच ठेवल्यात, चुन्याचा वास अजून जात नाही. बसायचं नदीकडच्या व्हरांड्यात. मोर्णा नदीत पाणी घोट्याएवढं, त्यात म्हशी. पलीकडे आमचंच जुनं शहर, धुणं वाळत घातलेलं. नाक्यावरची भागाबाई कपडे आपटत होती, तिने मला ओळखलं असावं.

मुलगा, त्याची आत्या, मामा, बाबा, मी. जय भीम झाला, बसलो. बाबा खुर्चीच्या कडेवर. वेटरने बशीवर पाण्याचा ग्लास आणला, तो त्यांनी क्षणभर पाहिला, मग प्यायले.

मुलगा बरा. कोणता वर्ग शिकवता? चौथी. पोरं ऐकतात? म्हटलं, मधल्या सुट्टीपर्यंत. हसला. हसणं आवडलं, खोटं कशाला लिहू.

मग वेटर चहाचा ट्रे घेऊन आला आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. आत्या म्हणाली, "घे ना बाई त्याच्या हातातला ट्रे. तू दे सगळ्याइले." वेटर ट्रे सोडेना, त्याचं कामच ते. मी उठले नाही. ठरवून वगैरे नाही, पाय दुखत होते आणि बसले होते, एवढंच. मी जवळ होते म्हणून त्याने पहिला कप माझ्याच पुढे ठेवला. बाबांच्याही आधी. मी प्यायले. इतक्या वेळा दाखवून झालं, पण गरम चहा आज पहिल्यांदा मिळाला.

आत्याचं तोंड एवढंसं. मुलगा नदीकडे पाहत बसला. नदीत पाहण्यासारखं काही नव्हतं.

२१ जा.

बाबांनी कोट घडी करून ठेवला. सुमनने विचारलं, "काहून नाई उठली?" म्हटलं, दमले होते. तिला पटलं नाही. मलाही पुरतं पटत नाही.

२७ जा.

मामा आले. पसंत आहे! पण आत्या म्हणते, पोरगी चालताना पाहिलीच नाही. पुन्हा एकदा घरीच दाखवा, रिवाजाप्रमाणे, ट्रे घेऊन. मी विचारलं, मुलगा काय म्हणाला? "तो काय म्हनन? आत्यानंच वाढवलं त्याले."

मामा गेल्यावर बाबा म्हणाले, "एक खेप चहा तं न्यायचा आहे, माय. मी बी थकून राहिलो आता." त्यांचं खोटं नाही. मला राग आला आणि रडू आलं, दोन्ही.

३० जा.

तीन दिवस बाबांशी धड बोलले नव्हते. आज सांगून टाकलं: ट्रे घेऊन फिरणार नाही. पाहायचंच असेल तर पुन्हा तिथेच या, सगळे बसून चहा घेऊ. सुमन समोरच होती, तिच्याकडे पाहायचं टाळलं.

बाबांनी खुंटीवरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "मले बी तिथं बसून बरं वाटलं होतं." टोपी घातली, मामांकडे निघाले. दारात थांबले.

"अन् ते नाई म्हनले तं?"

"तं शाळा आहे."

"अन् सुमन?"

सुमनच चुलीजवळून म्हणाली, "तुमी जा बाबा."

गेले. तिथे काय सांगणार ते मी विचारलं नाही. दिवेलागण झाली, अजून परतले नाहीत. सुमन भाकरी थापतेय. पाठ माझ्याकडे.