स्पीकरवर ठेवलेला हात

बाबा, मला आता डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही आणि उजवाही त्याच वाटेवर आहे. डॉक्टरकडे एकटीच जाऊन आले. तो म्हणाला, वय झालं, शिवाय घराण्यातही असेल. घराण्यात! तुझे कान अंबरनाथच्या कारखान्यातल्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेसने खाल्ले, माझे कोणी खाल्ले? मला एकच गोष्ट विचारायची आहे आणि ती सांगू शकणारा फक्त तू होतास, म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप.

ती कॅसेट आठवते? तू दिवसा कारखान्यात आणि लग्नसराईत बदलापूर गावातल्या बेंजो पार्टीत काँगो वाजवायला. दोन उभे ढोल, काठीशिवाय, नुसत्या हातांनी. हळदीला काहीतरी नवीन हवं म्हणून तू मला घेऊन उल्हासनगरच्या बाजारात गेलास. सिंधी दुकानदाराने एक भरून ठेवलेली कॅसेट पुढे सरकवली. "इंग्लिश है, दुबई से आया. ये समझने का नहीं भाऊ, नाचने का है." घरी येऊन लावली आणि तू मला म्हणालास, सांग काय बोलतो. मी नववीत. एक शब्द लागेना. आईने परात आपटली, "एवरी शाला शिकवली न् पोरीला विंग्लिश येत नाय!" त्यानंतर मी कितीतरी दिवस स्वतःला इंग्रजीत ढ समजत होते. आता मुलाने मोबाइलवर शोधून दाखवलं, ते इंग्रजी नव्हतंच, स्पॅनिश होतं, क्युबाचं. तुझा काँगोही तिथलाच. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी तो त्या बेटावर घडवला, मग तो जगभर नाचत फिरला आणि आपल्या हळदीत येऊन बसला. आपल्याला मेलं कोणी सांगितलंच नाही.

तेव्हाच तुझं ऐकणं बरंच गेलं होतं. हिंदी गाणं लागलं की सगळे शब्दांवर माना डोलवायचे आणि तू आमच्या तोंडांकडे बघत राहायचास. ही कॅसेट लागली की मात्र तू टेपच्या स्पीकरवर तळहात ठेवून बसतोस, डोळे मिटून, दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर चाललेली. मी हळूच आवाज कमी करते तर लगेच ओरडतोस, "कमी केलास? मी आजून मेलो नाय!" मग स्वतःच हसतोस आणि मला जवळ बसवतोस. "यो काय बोलतो तं तुला तरी समाजतं का? नाय ना? मंग आपन दोघं सारकीच."

सोनिवलीच्या एका हळदीत तू तोच ठेका धरलास. मांडवात बायका काय नाचल्या! मग बेंजोवाल्याने हात वर करून गाणं थांबवलं. सगळे थांबले. तुझे डोळे मिटलेले, तू वाजवतच राहिलास, एकटा. कोणीतरी खुदकन हसलं. मी येऊन तुझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तू डोळे उघडलेस, आणि ते डोळे मला अजून झोपू देत नाहीत. पार्टीने तुला पुन्हा बोलावलं नाही. पण घरी तू स्पीकरवर हात ठेवून बसतच राहिलास, शेवटपर्यंत.

त्या हातात काय यायचं, बाबा? मी दार लावून घेते, मुलाच्या मोठ्या स्पीकरवर तेच गाणं लावते आणि तळहात दाबून धरते. नुसती थरथर लागते, पिठाच्या गिरणीला हात लावल्यासारखी. गाणं येत नाही. तुलाही येत नव्हतं का? आम्हाला वाईट वाटू नये म्हणून तू डोळे मिटून बसायचास का? खरं सांग. बाबांना जमलं, मलाही जमेल, या एका भरवशावर मी डॉक्टरच्या जिन्यावरून खाली उतरले होते. ते खोटं असेल तर मी कशाला धरून राहू?

उत्तर येणार नाही हे कळतं मला. हा कागद फाडून टाकीन. घरात अजून कोणाला काही बोललेले नाही. आज सकाळी सूनबाई दारात उभी राहून काहीतरी विचारत होती, चेहरा अगदी काळजीचा. मी हसून म्हणाले, "हो, चालेल." तिने पटकन मला मिठी मारली आणि डोळे पुसत गेली. मी कोणत्या गोष्टीला हो म्हणाले ते मला माहीत नाही.