चार बोटं कमी

आई, वाचनालयाची भिंत काल पूर्ण झाली. धारूरच्या बाजारात तू सीताफळं घेऊन बसायचीस, तिथून हाकेच्या अंतरावर. भिंतभर सीताफळाचे डोळेच डोळे, ओळीमागून ओळ. सगळ्या टाइल्स मी हाताने थापल्या, रंगवल्या, भट्टीत भाजल्या. तू असतीस तर म्हणाली असतीस, "खायचं सोडून भिताडाला कामून लावलंस?"

माझं पहिलंच मोठं काम, आणि तेच फसत होतं. भट्टीत माती आकसते हे मला ठाऊक आहे, पण या खेपेला ती जरा जास्तच आकसली. टाइल्स जमिनीवर मांडून पाहिल्या तर प्रत्येक ओळ शेवटाला चार बोटं कमी. नव्या भाजायला वेळ नव्हता, उद्घाटन तोंडावर आलेलं. गवंडी म्हणाला, "ताई, कडंला सिमिटाची पट्टी मारू. कोन बघतंय?" मी बघणार होते ना, जन्मभर. मला रडूच आलं.

मग तू आठवलीस, ओसरी सारवताना. कोपऱ्यातून मागे मागे सरकत तू दाराशी येतेस, हाताचे अर्धगोल एकाला एक लागून. मला पहिल्यांदा सारवायला दिलंस तेव्हा मी ऐटीत जाड थर दिला आणि दाराशी येईतो शेणाचा काला संपला. तू रागावलीस. "समदं शेवटावर ढकललं की शेवटच उघडा पडतो. जिथल्या तिथं भागवावं, बाई." तेच केलं. ती चार बोटं सगळ्या सांध्यांत थोडी थोडी वाटून टाकली आणि सांधे फिकट पिवळ्या सिमेंटने भरले. लांब जाऊन पाहिलं तर डोळे उघडले होते, तोडणीला आलेल्या फळासारखे. गवंडी दोनदा चहा प्यायला, दोन्ही वेळा भिंतीकडे बघत. मी फार खूश आहे, आई.

एक मात्र राहिलंय. मी पहिल्यांदा सारवलं त्याच दिवशी ओल्या सारवणात पाऊल उमटलं, मी धाकटीचं नाव घेतलं आणि तू तिला धपाटा घातलास. काल तिला फोनवर खरं सांगितलं. ती हसली. "आईनं सांजच्याला पाऊल मापून बघितलंतं, अक्का. मला जवळ घिऊन म्हनली, सांगंल ती आपनहून."

हे पत्र टाकायला पेटी नाही, वहीतच राहील. पण पाऊल माझं होतं, आई. आपणहून सांगतेय.