डाळिंबी रीळ

आई, धाकटीच्या मुलीचं लग्न या रविवारी आहे आणि मला राखाडी रंग नेमून दिलाय. त्याचा राग आला म्हणून लिहायला बसले. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, इतक्या वर्षांत तुला काही लिहावं असं कधी वाटलं नव्हतं.

हल्ली लग्नाच्या आधी फोनवर ग्रुप करतात. त्यात धाकटीने तक्ता टाकला. नवरीचा पिवळा कोणी नेसायचा नाही, काळा नाही, आणि पुढे एकेकीसमोर एकेक रंग. काकूला मोरपंखी, आत्याला जांभळा, मोठ्या मावशीला, म्हणजे मला, राखाडी. मी बत्तीस वर्षं शाळेत वेळापत्रकं लावली, मला कोणी तक्त्यात बसवलेलं चालत नाही. लगेच फोन केला. "राखाडी का?" तर म्हणते, "अगं ताई, तुझा आवाजच इतका भडक, साडी तरी शांत नको का?" आणि हसली, तुझ्यासारखीच, आधी नाकातून आणि मग तोंडाने. ग्रुपवर बायका लिहीत होत्या, रंग निवडावेत तर हिनेच, आईचा डोळा हिच्याकडे आलाय. मी फोन पालथा घातला आणि भांडी घासायला घेतली. बाई यायची होती तरी.

आईचा डोळा हिच्याकडे आला हे मला नवीन नाही. कोपरखैरण्याच्या त्या घरात ओट्याला लागून तुझं मशीन होतं. बाबा मार्केटात पाठीवर गोणी वाहायला गेले की तू स्वयंपाक उरकायचीस आणि साड्यांना फॉल लावायला बसायचीस. अर्ध्या सेक्टरच्या साड्या तुझ्याकडे यायच्या. रिळांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा मांडीशी. साडीचा पदर, त्यावर एक धागा आडवा टाकलेला, आणि तू हाक मारतेस, "धाकटे, ये गं, बघ जुळतोय का." ती नऊ वर्षांची, मी तेरा. ती पदर घेऊन गॅलरीत जाते, कारण ट्यूबखाली रंग फसवतो असं तुझं म्हणणं. धागा दिसेनासा झाला म्हणजे जुळला. ती तिथूनच ओरडते, "दिसतोय अजून!" आणि तू दुसरं रीळ काढतेस. मी भिंतीला टेकून भूगोल वाचतेय. एकदा उठून मीही गॅलरीत गेले, तर तू म्हणालीस, "तू कशापायी उठलीस? तुझं पुस्तक हाय न्हवं? बस तितंच." मला शिकवायचं तुझ्या मनात होतं, हे मला कळत होतं. मी शिकले. पण त्या गॅलरीत मला कोणी बोलावलं नाही.

कुठल्या लग्नात कोण काय नेसणार हे तुला सगळ्यांच्या आधी माहीत असायचं, आणि मशीनवर कानी आलेली गोष्ट तू मशीनवरून हलू द्यायची नाहीस. दोघींचा रंग एक निघाला तरी एकीचं नाव दुसरीला सांगायचं नाही. बोनकोड्याची ती बाई आठवते? नवरीच्या आईने आदल्या दिवशी लालभडक साडी देऊन ठेवलेली, आणि हिने तसलीच आणली. तू डबा उघडलास, रिळं खालीवर केलीस आणि म्हणालीस, "या रंगाचं रीळ संपलंय बाई. दुसरी साडी हाय का?" ती खुळी नव्हती. घटकाभर तुझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "मंग मना दुसरी नेसाला लागंल." आणि निमूट साडी उचलली. लाल रीळ डब्यात सगळ्यांत वर होतं. पुढे सगळ्यांनाच ठाऊक झालं. तुझं रीळ संपलं, की समजायचं हा रंग मानाच्या बाईचा आहे आणि आपण बदलायचा. कोणाचा, ते विचारायचं नाही.

मला मात्र तू हे इतकं हळुवार कधी सांगितलं नाहीस. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी शेजारच्या लग्नाला मी मैत्रिणीची राणी रंगाची साडी मागून आणली. नेसून, पिना लावून, गजरा माळून दारात उभी राहिले, आणि तू चार बायकांसमोर म्हणालीस, "सोड ती. लग्नाला आपण बघायला जातो, दिसायला न्हाई." मी मागे गेले आणि तुझी मातकट साडी नेसून आले. धाकटी त्या दिवशी पोपटी परकरात फिरत होती, ते चालत होतं. तिच्या लग्नातही तू मला राखाडीच दिलीस. मोठी अजून बिनलग्नाची, असं लोक बोलत होते, तेव्हा मी फार डोळ्यांवर येऊ नये असं तुला वाटलं असेल. असेलही. तीन वर्षांनी माझं लग्न कचेरीत सह्या करून झालं. त्या दिवशी तू आलीस ती धाकटीने निवडलेली साडी नेसून. फार सुरेख दिसत होतीस. फोटो आहे, मी तो लावलेला नाही.

तर मंगळवारी तिचा पुन्हा फोन. "ताई, एक सांगते, कोणाला बोलू नकोस. मी डाळिंबी घेतलीय. फॉल मीच लावणार, आईसारखा. पण रीळ मिळेना. दुकानात एक तर लाल देतात नाहीतर मरून, असं लेक म्हणते. आईच्या डब्यात डाळिंबी होतं बघ." डबा माझ्याकडे. तुझं दिवसकार्य झालं त्या संध्याकाळी मी तो पिशवीत घातला आणि धाकटीला सांगितलं, आईने मला देऊन ठेवला होता. ती "बरं" म्हणाली आणि रडायला लागली.

रीळ होतं. एकच, निम्मं उरलेलं. बुधवारी सकाळी ते पर्समध्ये टाकलं आणि वाशीला दुकानात गेले. पोराने गठ्ठेच्या गठ्ठे उलगडले. मी रीळ धरून बघत होते. तो म्हणाला, "मॅडम, मॅचिंग ब्लाउज हवाय का?" म्हटलं, "साडीच हवीय, याच्याच रंगाची." नवरीच्या आईचा रंग, आणि चांगली रुंद काठाची. काय करतेय हे मला नीट कळत होतं. रविवारी हॉलमध्ये सगळ्या बायका आधी तिच्याकडे बघतील, मग माझ्याकडे, आणि क्षणभर कोणाला कळणार नाही की आजचा मान कोणाचा. मला तेवढा क्षण हवा होता. साठीला आलेली बाई मी, शाळेत पोरींना साधेपणावर भाषणं दिलेली.

घरी आले, साडी पलंगावर पसरली. फॉल लावायचा तर धागा हवा, आणि निम्म्या रिळात दोन साड्या होणार नाहीत. मी धाकटीला फोन लावला आणि सांगितलं, "डाळिंबी रीळ संपलंय."

तिच्या मागे कुकर वाजत होता. ती अगदी हळू म्हणाली, "ताई, कोण नेसतंय डाळिंबी?"

मी तुझंच वाक्य बोलले होते, माझ्या लक्षातही आलं नव्हतं. ती पुढे म्हणाली, "नाव नको सांगूस. कोणी मोठं असेल तर मी बदलते. माझ्याकडे हिरवी आहे." स्वतःच्या मुलीचं लग्न, आणि ही हिरवी नेसायला तयार. तिला वाईट वाटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "कोणी नाही. नीट बघितलं नाही मी. साडी घेऊन ये."

आज दुपारी चारला ती रिक्षाने आली. तोवर मी माझी साडी कपाटात घालून कुलूप लावलं होतं. चहा नको म्हणाली. पिशवीतून साडी काढून पदर उलगडला, रीळ हातात घेतलं, धागा ताणून बघितला, जुना असून तुटला नाही. तो पदरावर आडवा टाकला आणि पदर माझ्याच हातात दिला. "तू बघ ताई, गॅलरीत जाऊन. मला हल्ली कळत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, सगळंच पिवळट दिसतं. शुगर खाली आली की ऑपरेशन." मी विचारलं, "मग तो तक्ता?" "लेकीने केला. मी नुसते रंग सांगितले, आठवून. कुठल्या बाईला आई कुठला रंग म्हणायची ते. तुला राखाडी म्हणायची ना ती. म्हणायची, थोरली राखाडीत साहेबीण दिसते."

मला हे तू कधी बोलली नाहीस. तिला बोललीस. म्हणजे तेही तिच्याकडेच राहिलं.

मी गॅलरीत गेले. पन्नास वर्षं वाट बघितली होती म्हण. पदर उजेडात धरला, धागा त्यावर नीट केला आणि बघत राहिले. मागून तिने विचारलं, "दिसतोय?" मी म्हटलं, "नाही दिसत. जुळला." मला खरंच दिसेनासा झाला होता. रंग जुळला म्हणून की मला नजर नाही म्हणून, ते तुलाच ठाऊक.

जाताना दारात चपला घालता घालता ती म्हणाली, "राखाडी नको असेल तर सोड. तुला हवं ते नेस. डाळिंबी नेसलीस तरी चालेल, फोटोत दोघी सारख्या दिसू." कपाटाकडे तिने बघितलं नाही. तिला कळलं होतं की नाही, सांगता येत नाही. एवढं सहज सोडून देता येतं तिला, आई, याचाही मला हेवा वाटला. मी म्हटलं, "राखाडीच नेसेन. जिना सांभाळून उतर."

शाळेचा चार्ज देताना यादी करतात, तशी ही केलीय. बिस्किटांचा पत्र्याचा डबा एक, झाकण सैल. रिळं एकोणचाळीस, पैकी रिकामी सहा. कात्री एक. सुयांची पुडी एक, गंजलेली. डाळिंबी रीळ एक, निम्मं. हे सगळं धाकटीला जाताना दिलं. डाळिंबी साडी एक, नवी, फॉल न लावलेली, ती दिली नाही, दुकानातही परत करणार नाही. डबा तू मला दिला नव्हतास, हेही तिला आज सांगितलं नाही.