पौड-पट्टाया, मार्गे मुंबई

२ मार्च १९८३
कुशाबाचं पत्र. कुशाबा म्हणजे प्रभावतीचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा. बोटीवर आचारी म्हणून गेला तो तिकडचाच झाला. आता थायलंडात पट्टाया म्हणून ठिकाण आहे, तिथे समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये मुख्य आचारी आहे. भात शिजवायला एवढ्या लांब जावं लागतं, यातच माणसाची कुवत कळते.
तर या मुख्य आचाऱ्यानं आम्हाला दिवाळीच्या सुट्टीत बोलावलंय. मी, प्रभावती, आमची मुलगी जया आणि माझे वडील, आबा. तिकिटं त्याची, राहणं त्याच्या मालकाचं.
प्रभावतीनं जयाकडून पत्र पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. मग डोळ्याला पदर. कुशाबा बोटीवर निघाला तेव्हा तिला निरोपाला मुंबईला जायचं होतं. मी नको म्हटलं होतं. त्या दिवशी गाड्यांना फार गर्दी होती. तिला अजून ते पटलेलं नाही.
निर्णय : जायचं. मात्र नियोजन माझं. पौडच्या एसटी स्टँडवर मी कंट्रोलर आहे. माझ्या सहीशिवाय इथून गाडी हलत नाही. प्रवास म्हणजे काय, हे मला कोण शिकवणार?

६ मार्च
घरी सर्वांना समोर बसवून माहिती दिली. विमान, समुद्र, शिस्त. आबांना विचारलं, काही शंका? आबा म्हणाले, तितं बुद्धाची लई मोठी मूर्ती हाय म्हनं, झोपल्याली. ती बगायची.
मी समजावलं. ती मूर्ती बँकॉकला. आपली सुट्टी समुद्रकिनाऱ्यावरची. मध्येच उतरून दर्शन घ्यायला ही काय लाल गाडी आहे? आबा म्हणाले, मंग मी कशाला येऊ? समुद्र काय करू मी?
म्हाताऱ्या माणसांना सुट्टी ही कल्पनाच कळत नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या भातखाचरात राबलेले. हळूहळू कळेल.

२१ मार्च
आजपासून इंग्रजी. रोज दहा शब्द. जया अकरावीला आहे, ती म्हणाली पप्पा, मी शिकवू? नको म्हटलं. बापानं मुलीकडून शिकायचं म्हणजे घराची घडी विस्कटते.

२२ मार्च
इंग्रजी राहिलं. शालेय सहलींच्या गाड्या.

१७ एप्रिल
सर्वांना प्रवासाची सवय व्हावी म्हणून चाचणी दौरा काढला. पौड ते मुळशी धरण, एसटीने. धरणाचं पाणी समुद्रासारखंच दिसतं. ड्रायव्हर कोंडीराम. त्याला ताकीद दिली की आज गाडीत माझं कुटुंब आहे, नीट चालव.
वळणं सुरू झाली आणि मला पित्ताचा त्रास झाला. सकाळची भजी. गाडी थांबवावी लागली. नंतर पुन्हा थांबवावी लागली. कोंडीराम सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, सायेब, दुसऱ्यांच्या गाड्या सोडता आन् तुमालाच गाडी लागती व्हय? लोक हसले. आबांनी लिंबू पुढे केलं. म्हणजे ते घरूनच लिंबू घेऊन निघाले होते. हे मला खटकलं.
प्रभावती धरणाकडे बघत बसली. जयानं विचारलं, आई, समुद्र एवढाच असतो का गं? ती म्हणाली, मला काय ठावं, मी कुटं पाह्यलाय.
चाचणी एकंदरीत यशस्वी.

९ मे
नबीलाल टेलरकडे पोहण्याची चड्डी शिवायला टाकली. सिनेमात असते तशी फुलाफुलांची. कापड मीच निवडलं. नबीलाल म्हणाला, ओव्हाळसाहेब, हे पडद्याचं कापड हाय. मी म्हटलं, परदेशात काय चालतं ते तुम्हाला माहीत नाही. तो म्हणाला, बराबर हाय, मी परदेशात गेलो न्हाई. तुमी गेलाय का? उद्धट आहे. शिलाई मात्र बरी.

१२ मे
नदीवर पोहण्याचा सराव. गुडघाभर पाण्यापर्यंत प्रगती. खाली शेवाळ होतं, त्यामुळे धोरण म्हणून पुढे जाणं थांबवलं. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका चड्डीकडे बघत होत्या. गोजराबाईनं विचारलं, पडदा कुनाच्या घरचा?

३० जून
पासपोर्टच्या चौकशीला हवालदार घरी. मी मुद्देसूद माहिती देत होतो, तर तो प्रभावतीला म्हणाला, ताई, भाऊ भेटनार म्हना की. ती हसली. आमच्या घरात ती अशी हसत नाही. परक्या माणसापुढे एवढं हसायचं कारण नव्हतं. नंतर तसं बोलून दाखवलं.

१४ ऑगस्ट
रजा मंजूर! अर्ज केला तेव्हाच खात्री होती. वरच्या साहेबांनी सहीसुद्धा लगेच केली. म्हणाले, जाऊन या ओव्हाळ, इथलं होईल. इथलं होईल म्हणजे काय? दिवाळीत स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. कोण करणार? विचार करण्यासारखं आहे.

४ सप्टेंबर
पुण्याला कामासाठी गेलो होतो. (सायकलने. व्यायाम.) तसाच लोहगावकडे गेलो, विमान जवळून पाहावं म्हणून. कुंपणाबाहेर उभा राहिलो. एक विमान डोक्यावरून गेलं. जमीन हलली. शर्ट भिजला. ऊन फार होतं.
परतताना नीट विचार केला. विमानाला कंट्रोलर असतो, पण तो खाली असतो. वर काय चाललंय हे त्याला कसं कळणार? माझ्या अनुभवावरून सांगतो, काही कळत नाही.

३ ऑक्टोबर
तिकिटं आली. चार. प्रभावतीनं ती आधी बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे ठेवली, मग ट्रंकेत. आबांनी नवीन धोतर मागितलं. पांढरंशुभ्र पाहिजे म्हणाले. बँकॉकचा विषय पुन्हा काढला. मी पुन्हा नाही म्हटलं. घरात कोणीतरी खंबीर राहायला हवं.

१८ ऑक्टोबर
आज महत्त्वाचा निर्णय घेतला. दिवाळीच्या गर्दीत पौडचं स्टँड वाऱ्यावर सोडून समुद्रावर लोळणं माझ्या तत्त्वात बसत नाही. रजा रद्द करून घेतली. साहेब म्हणाले, अहो, मी बदली माणूस दिलाय. मी म्हटलं, साहेब, कर्तव्य. ते माझ्याकडे बघत राहिले. भारावले असावेत.
संध्याकाळी घरी सांगितलं. बेत पुढच्या वर्षावर. प्रभावती भाकरी थापत होती. थापतच राहिली. म्हणाली, बरं.
आबा उठून बाहेर जाऊन बसले. जया रडली. पोरसवदा आहे, विसरेल.
प्रभावतीनं इतकं समजूतदारपणे घेतलं याचं समाधान वाटतं.

२७ ऑक्टोबर
घरी आलो तर ट्रंक उघडी. आबांचं नवं धोतर घडी करून ठेवलेलं. विचारलं, हे काय? प्रभावती म्हणाली, तुमचं तिकीट परत करायला सांगितलंय कुशाला. आमी तिघं जातोय.
मी शांतपणे विचारलं, कोणाला विचारून? ती म्हणाली, कुनालाच न्हाई.
मी आवाज चढवला नाही. (थोडा चढवला.) पासपोर्ट, विमानतळ, परकी भाषा, तिला काय कळतं? कधी एकटी पुण्यालासुद्धा गेलेली नाही. ती म्हणाली, तुमी कुटं जाऊ दिलं? जया म्हणाली, पप्पा, मला इंग्रजी येतं. मग आबा बोलले. म्हणाले, दामू, तुला भ्या वाटतंय तर वाटू दे. वाईट न्हाई त्यात. पर तिला आडवू नगं.
भीती! मला! पोरानं चाळीशी ओलांडली की म्हाताऱ्यांनी त्याला असं बोलू नये, तेही सुनेसमोर.

२८ ऑक्टोबर
पुण्यापर्यंत जातील आणि परत येतील. मी त्यांना ओळखतो.

३ नोव्हेंबर
सकाळच्या गाडीने गेले. मी ड्युटीवर. स्टँड तुडुंब. गाडी लागली तेव्हा कर्ण्यावरून नेहमीपेक्षा सविस्तर सूचना दिल्या. सामान सांभाळा, अनोळखी माणसाकडून खाऊ नका, काही अडचण आल्यास कंट्रोलरशी संपर्क साधा. लोक इकडेतिकडे बघू लागले. सूचना सर्वांसाठीच होत्या.
मग खिडकीपाशी गेलो. प्रभावतीनं निळं पातळ नेसलं होतं, लग्नातलं. तिला पुन्हा एकदा सगळं सांगू लागलो. मुंबईत कुठे उतरायचं, पाण्याजवळ कसं जायचं नाही, आबांना उन्हात न्यायचं नाही. ती ऐकत होती की नाही कळलं नाही. आबा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले होते. मागून माणसं ओरडायला लागली. कोंडीराम खाली उतरून आला. हळू म्हणाला, सायेब, सही करा आन् सोडा आता. जाऊ द्या त्यांना.
सही केली. कंडक्टरनं घंटी मारली. जयानं हात हलवला. प्रभावती समोर बघत होती.
धूळ डोळ्यांत फार जाते हल्ली.

४ नोव्हेंबर
परत आले नाहीत. गाड्यांना उशीर असेल.

५ नोव्हेंबर
नाहीत. म्हणजे विमान उडालं.
दिवाळीची गर्दी अपेक्षेपेक्षा कमी. बदली माणूसही हजर होता. त्यानंच सगळं पाहिलं. मी देखरेख केली.

७ नोव्हेंबर
पिठलं करपलं. शेजारच्या आक्काबाईनं भाकरी दिली आणि विचारलं, तुमी न्हाई गेला? म्हटलं, खात्यानं सोडलं नाही. ती म्हणाली, आसं. तिच्या त्या ‘आसं’मध्ये काहीतरी होतं.
घर फार शांत आहे. शांतता मला मानवते. रेडिओ मोठा लावून ठेवतो.

१२ नोव्हेंबर
आले. संध्याकाळच्या गाडीने. मी हार आणून ठेवला होता, पण ते उतरले तेव्हा नेमका केबिनमध्ये फोन वाजला. बाहेर आलो तर आबांभोवती माणसं जमलेली. आबा चक्क बँकॉकला जाऊन आले होते. कुशाबानं नेलं. मूर्तीच्या पायाशी बसलो, म्हणाले, आन् उठूच वाटंना. कोणीतरी विचारलं, दामू न्हवता संगट? मी थांबलो. आबा म्हणाले, त्याला रजा न्हाई मिळाली. लई येयाचं होतं त्याला.
माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी.
आबांना वस्तुस्थिती बरोबर समजली, हे बरं झालं.

१३ नोव्हेंबर
प्रभावतीचा रंग उन्हानं रापलाय. भांडी घासताना गुणगुणत होती. मी असल्याचं लक्षात आलं तेव्हा थांबली.
कुशाबा कसा आहे, विचारलं. म्हणाली, बरा हाय. केस पिकल्यात. मग मीच विषय काढला की समुद्र कसा होता? तिनं तांब्या विसळून पालथा घातला. मग म्हणाली, मी आत गेलते. साडी नेसूनच. पार गळ्यापतूर. जयाचा हात धरला होता, मग तोबी सोडला. लाट आली की उचलती आपल्याला, आन् परत खाली ठेवती. अलगद. मला कुनी कवा उचललंच न्हवतं.
मी हादरलो. तिला पोहता येत नाही. खोल पाणी, परका देश, काहीही झालं असतं. मी तिला स्पष्ट सांगितलं की मी तिथे असतो तर तुला पाण्यात पाऊल टाकू दिलं नसतं.
ती म्हणाली, तेच म्हनतीय मी.