व्याह्यांकडची थकबाकी

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा नळकाम, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवीत आहे. गुडघे गेले, पण स्मरणशक्ती शाबूत आहे. ज्यांनी माझी बिले बुडवली त्यांना हे वाचून वाईट वाटेल. हेच माझे एकमेव मृत्युपत्र समजावे. याआधी मी जे लिहिले ती बिले होती, आणि त्यांना कोणी काय किंमत दिली ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या व मागची पत्र्याची शेड, माझ्या पश्चात पत्नीचे व तिच्यानंतर पूर्णपणे मुलीचे. मुलालाच का नाही, असे विचारणाऱ्याने कलम चार वाचावे.

दोन. पाने, करवती व पाइपाला आटे पाडायचे डाय एखाद्या कामकरी नळवाल्याला विकावेत. रोखीने. उधारीवर एक वायसरसुद्धा देऊ नये, मग तो कितीही गोड बोलो. गोड बोलणाऱ्याला तर मुळीच देऊ नये.

तीन. किरकोळ येणी मी माफ करतो. कोपऱ्यावरच्या शिवणवालीने दर महिन्याला थोडे थोडे आणून दिले, तिचे उरलेले सोडले. दातांच्या डॉक्टरचे मात्र सोडलेले नाही. दवाखान्याच्या बेसिनच्या बिलाऐवजी त्याने मला कवळी करून दिली. ती आजतागायत बसलेली नाही. माझ्यामागे ती धुऊन, पुसून त्याला परत करावी.

चार. आता मोठे येणे. आमच्या धंद्यात एक रीत आहे. नव्या इमारतीचे काम संपले की मुख्य व्हॉल्व्हचा दांडा काढून आपल्या खिशात ठेवायचा आणि पैसे हाती पडले की बसवून पाणी सोडायचे. पान्यानेही व्हॉल्व्ह फिरतो, पण दुसऱ्याचा दांडा खिशात असताना कोणी नळवाला तिथे पाना लावत नाही. कोर्टकचेरी आम्हाला परवडत नाही, दांडा परवडतो. एका बिल्डरच्या चार मजली इमारतीचे पाणी मी असेच अडवून धरले होते. तो नरमलाही होता. तेवढ्यात त्याच्या मुलीचे आणि माझ्या मुलाचे जमले. लग्नानंतर आठवड्याच्या आत मुलगा दारात उभा.

"बाबा, दांडा द्या. उद्यापासून लोक राहायला येतायत."

"आणि पैसे?"

"देतील हो. आता आपलेच आहेत ना ते."

मी दांडा दिला. भीड ही भिकेची बहीण, हे मला माझ्या वडिलांनी शिकवले होते आणि मी ते त्याच दिवशी विसरलो. पुढे मी त्या ऑफिसचे उंबरे झिजवले. दर वेळी व्याही खुर्ची पुढे सरकवायचे, चहा मागवायचे आणि म्हणायचे, "अहो, आपल्यात कसला हिशेब?" त्यांच्यात नसेल. माझ्यावर पाइपवाल्या दुकानदाराची उधारी होती. ती मी पै न पै फेडली, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशांतून. ती शिकायची थांबली आणि एका दवाखान्यात नावे नोंदवायला बसली. भाऊ तेव्हा सासऱ्याच्या ऑफिसात मॅनेजर झाला होता. तिने मला कधी बोल लावला नाही. लावायला हवा होता.

पाच. म्हणून ते बिल, व्याजासकट, मी माझ्या मुलाला देत आहे. हाच त्याचा वाटा. वसूल झाले तर सगळे त्याचे. मुलीने त्यातले काही मागू नये.

सहा. व्याही मयतीला आले तर त्यांना कोणी अडवू नये. बसायला खुर्ची द्यावी, चहा द्यावा. माझ्याविषयी चार शब्द मात्र बोलू देऊ नयेत. त्यांचे शब्द मी पुष्कळ घेतले आहेत.

पत्नीचे म्हणणे पडले, "पोटच्या पोराला एवढी शिक्षा नका करू." ही शिक्षा नाही. माझ्या मुलाने एकदा तरी त्या टेबलासमोर उभे राहून "माझ्या बाबांचे पैसे द्या" म्हणावे, एवढीच माझी इच्छा आहे. मी ऐकायला नसलो तरी चालेल. तिच्या शब्दाखातर मी मुलाला निरोप धाडला, की सहीच्या आधी ये आणि मागतो म्हण, अर्धे घर तुझ्या नावे करतो.

तो आज आला. उभ्याउभ्याच सगळे वाचले.

"बाबा, मी कसं मागू? मला रोज तिथंच जायचंय."

"मग नको मागू," मी म्हणालो, आणि पेन घेतले.

सही केली.

साक्षीदार पहिला: पाइपवाला दुकानदार. माझ्याकडून त्याचे काही येणे नाही, असे त्याने आपणहून लिहिले आहे.

साक्षीदार दुसरा: शेजारचा रंगारी. वाचून सही केली.

स्थळ: राहते घर, मागची शेड. वार सोमवार, महिन्याची पाच तारीख, दुपार.

एक प्रत मुलापुढे ठेवली होती. ती टेबलावरच राहिली.